एर्लांगनची पीएचडी आणि पाच वर्षांची मुलगी

तुझा प्रश्न शनिवारी वाचला. पुण्यातून बायोमेडिकलमध्ये एम.टेक., जर्मनीत एर्लांगनला पीएचडीची जागा, ऑक्टोबरला रुजू व्हायचं, नवरा आयटीत, मुलगी जूनमध्ये पाचची होणार, आणि शेवटी "ताई, खरंखरं सांग, यावं का?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. रविवारी कांदा चिरताना लक्षात आलं, मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. म्हणून हे लांबलचक.

व्हिसा, विमा, बँकेतलं अडकवून ठेवायचं खातं, हे सगळं वकिलातीच्या पानावर आहे. ते तिथेच वाच.

आधी विज्ञान, कारण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. १८९५च्या नोव्हेंबरात रोंटगेनला क्ष-किरण सापडले ते वुर्त्सबुर्गला, एर्लांगनपासून फार लांब नाही. पुढच्याच वर्षी एर्लांगनच्या एका कारखान्यात क्ष-किरणांच्या नळ्या बनायला लागल्या, आणि तोच कारखाना पुढे सीमेन्सकडे गेला. आपल्याकडे इचलकरंजीत जसा दर दोन घरांआड यंत्रमागाशी संबंध असलेला माणूस भेटतो, तसा तिथे स्कॅनरशी संबंध असलेला भेटतो. फोटॉन, म्हणजे क्ष-किरणांचे एकेक कण, मोजणारं सीटी स्कॅनचं यंत्र शेजारच्या फोर्खहाइम गावचं. जुन्या सीटीत क्ष-किरणाचा आधी प्रकाश होतो, मग प्रकाशाची वीज. यात कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक थेट विजेचा ठोका देतो, एकेक फोटॉन मोजला जातो आणि त्याची ऊर्जाही कळते. त्यामुळे धमनीतलं कॅल्शियम कोणतं आणि टोचलेलं आयोडीन कोणतं, हे वेगळं काढता येतं. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. तू एम.टेक.ला इमेजिंग केलं असशील तर हे वाचून तुझ्या पोटात जे होईल, ते खरं आहे. ते नाकारू नकोस.

पण तुझी जागा पेशींच्या यांत्रिकीतली आहे असं लिहिलंयस, म्हणजे माझ्याच गल्लीतली. माझी पीएचडी एर्लांगनच्याच राज्यात, बव्हेरियात, पण दुसऱ्या गावात झाली. पेशी किती मऊ, किती ताठ हे मोजायला पूर्वी बारीक सुईने एकेक पेशी दाबायचे, तासाला जेमतेम शंभर व्हायच्या. आता केसाहून अरुंद नळीतून रक्त सोडतात, वेगवान कॅमेरा लावतात आणि सेकंदाला शेकडो पेशी बंदुकीच्या गोळीसारख्या ताणलेल्या दिसतात. रंग नाही, रसायन नाही. कोविड होऊन गेलेल्यांच्या रक्तपेशींचा ताठपणा महिनोन् महिने बदललेला राहू शकतो, हे एर्लांगनच्याच लोकांनी २०२१ मध्ये याच पद्धतीने दाखवलं. माझ्या चिपमध्ये, म्हणजे त्या बारीक नळीच्या पट्टीत, चार महिने बुडबुडेच अडकत होते. मग एका रात्री अकराला पहिली पेशी पडद्यावर ताणलेली दिसली आणि मी रिकाम्या लॅबमध्ये "आई गं!" म्हणून ओरडले. तशी रात्र मला परत मिळाली नाही, पण ती मिळाली होती.

(हे फक्त परदेशातच होतं असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत हृदयशल्यचिकित्सक वलियाथन यांच्या हाताखाली बनलेली हृदयाची झडप १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसवली. मला बावीसाव्या वर्षी हे ठाऊकही नव्हतं. मला फक्त "बाहेर" ठाऊक होतं.)

आता नोकरी. ऑफरच्या पत्रात टक्के बघ. अभियांत्रिकीकडून नेमणूक असेल तर बहुधा शंभर टक्के पगार, जीवशास्त्राकडून असेल तर अनेकदा पासष्ट. काम दोन्हीकडे शंभरच. पहिला करार किती महिन्यांचा, पैसा कोणत्या प्रकल्पातून, तो संपला तर पुढे काय, हे ईमेलवर विचार. लाज वाटते, मलाही वाटली होती. इथल्या कायद्याने पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं एवढंच मुदतीच्या करारावर ठेवता येतं. मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात. "शकतात" हा शब्द नीट वाच. माझे नऊ वर्षांत अकरा करार झाले. पुढचा झाला नाही. आता मी एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नव्या युरोपीय नियमावलीसाठी धोक्यांचे तक्ते भरते: बॅटरी संपली तर काय, नर्सने उलटी जोडणी केली तर काय. पगार चांगला आहे. पेशी बघितल्याला साडेतीन वर्षं झाली.

करार वर्षाचा, म्हणून राहण्याचा परवानाही वर्षाचाच मिळायचा. नूतनीकरणाची तारीख परवाना संपल्यानंतरची यायची. मधल्या काळासाठी एक घडीचा कागद देतात, त्याचं नावच फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. म्हणजे तुमचा परवाना अजून चालू आहे अशी कल्पना करून घेतल्याचा दाखला! तो हातात असताना सांगलीत बाबांना पेसमेकर बसवायचं ठरलं. या कागदावर परत येता येतं असं मला सांगितलंही होतं. मी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या काउंटरवर कुणी अडवलं तर, प्रयोग अर्धवट राहिला तर, असं करत गेलेच नाही. बाबा अजून विचारतात, "हे यंत्र तुझ्याच विषयातलं ना गं?" हो बाबा, माझ्याच.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. नोव्हेंबरात जास्त असतो. न्यूर्नबर्गकडे गणपतीला मराठी माणसं भेटतात, मोदकही बरे असतात. पुढे.

शाळा. तू याबद्दल एक शब्दही विचारला नाहीस, म्हणून जास्त लिहिते. बव्हेरियात चौथीत, दहाव्या वर्षी, मुलाची वाट ठरते. मे महिन्याच्या सुरुवातीला प्रगतिपुस्तक येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाजियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची, बहुधा धंदेशिक्षणाकडे नेणारी. आम्ही ऑक्टोबरात आलो तेव्हा मुलगा सव्वापाचचा होता. बालवाडीत जागा मिळाली एप्रिलमध्ये, आणि सप्टेंबरात पहिली. कुणाशी धड बोलायला लागेपर्यंत पाटी-दप्तर आलं. दुसरीत बाई म्हणाल्या, घरी जर्मनच बोला. मी आज्ञाधारक. वर्षभर घरी जर्मन बोलले, माझं ते लॅबमधलं जर्मन. डेर-डी-दासच्या, म्हणजे जर्मनमधल्या नामांच्या लिंगांच्या, माझ्या सगळ्या चुका त्याने जशाच्या तशा उचलल्या, आणि त्याच वर्षात आजीशी फोनवर बोलणं त्याने सोडलं. चौथीला जर्मनमध्ये ३, परिसर अभ्यासात ३, गणितात २. आठ भागिले तीन. २.६६.

त्या बाईंना मी कितीतरी वर्षं मनात शिव्या दिल्या. ओळखीतल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी २.६६ वर थांबवली. पुढचं सांगत नाही, ते तुला सांगते. सरासरी हुकलेल्या मुलांसाठी गिम्नाजियुममध्ये तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात. पास झालं की प्रवेश. नवरा म्हणाला, नाव घालू या. मी म्हटलं, पोराला कशाला ताण, पुढे बघू. ताण त्याला नव्हता. त्याच आठवड्यात माझ्या प्रकल्पाचा शेवटचा अहवाल होता आणि त्यावर माझा आठवा करार अवलंबून होता. करार मिळाला. दहा महिन्यांचा.

मुलगा आता सतराचा आहे. रेआलशूल संपवून मेकाट्रॉनिक्सची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत धंदेशिक्षण, करतोय, हातात पगार येतो, संध्याकाळी सायकली दुरुस्त करतो. तो खूश आहे, हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणत नाही, तो खरंच खूश आहे. मी एकदा चाचणी वर्गांचं कबूल केलं तर म्हणाला, "आई, इस्ट दोख एगाल." काय फरक पडतो! मला पडतो.

यावं का, याचं उत्तर मला देता येत नाही. मी तुझ्या जागी असते तर आलेच असते, आणि ते फार चांगलं लक्षण नाही. पण ऑक्टोबरऐवजी त्याच्या आधीचाच एप्रिल मागायला काहीच हरकत नाही. ऑक्टोबरला आलीस तर मुलगी सव्वापाचची असेल आणि पुढच्या सप्टेंबरात पहिलीत, अगदी आमच्यासारखीच. एप्रिलला आलीस तर बालवाडीची जवळपास दीड वर्षं मिळतील. शाळेआधीच्या दीड वर्षात जर्मन कमी येणाऱ्या मुलांना २४० तासांचा जर्मनचा पूर्ववर्ग असतो, तो तिला बऱ्यापैकी मिळेल. प्राध्यापकांनी कारण विचारलं तर मुलीचं कारण आहे असंच सांग, "वैयक्तिक कारणास्तव" वगैरे नको. मी तेही विचारलं नव्हतं.

बालवाडीचा अर्ज मात्र घर शोधायच्याही आधी भर. तिचं नाव पासपोर्टवर कसं आहे तेही बघून ठेव. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात, इथे त्यालाही मुलाचंच नाव समजतात. आमच्या पोराला पहिलीत वर्षभर त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत होते, आणि तो "या", म्हणजे जर्मनमधलं "हो", म्हणून हात वर करत होता.