ग्रामपंचायतीचा विकास आराखडा खरंच ग्रामसभेत ठरतो का? सामान्य माणसाला त्यात काही करता येतं का?

आधीच ठरलेला असतो. पण बदलता येतो, म्हणून लिहायला बसले.

२०२१ च्या निवडणुकीत मी महिला राखीव जागेवरून सदस्य झाले. आमच्या भाऊजींच्या मते सदस्य तेच होते, माझी फक्त सही. 'आमचं गाव, आमचा विकास'ची, म्हणजे गावाच्या विकास आराखड्यातल्या कामांची यादी ते आणि सरपंच ओट्यावर बसून करायचे. एका वर्षी यादीत काय, तर पेव्हर ब्लॉक. तेही आमच्याच गल्लीत!

अंगणवाडीचा संडास मात्र यादीत नव्हता. बांधून झाला होता, पांढऱ्या टाइल्स, बाहेर योजनेचं नाव रंगवलेलं. आत नळच नाही. मदतनीस ताई हापशावरून बादल्या आणून थकल्या, शेवटी कुलूप लागलं आणि आत सतरंज्या आणि पोषण आहाराची रिकामी पोती जाऊन बसली. पोरं भिंतीमागं. कागदावर मात्र 'अंगणवाडी शौचालय : पूर्ण'. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, ते काम क्लोज झालंय, परत घेता येत नाही."

मग मी निधीचा कागदच मागून वाचला. पंधराव्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारे, २०२१ ते २०२६ चे ६० टक्के पैसे बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. पेव्हर ब्लॉक अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायच्या ४० टक्क्यांतून. म्हणजे नळासाठी ब्लॉकच्या पैशाला हातही लावायचा नव्हता, तरी एवढा विरोध! महिला सभेत ठराव घातला : 'अस्तित्वातील शौचालयास टाकी व नळजोडणी, बंधित निधीतून.' नवीन बांधकाम मागितलंच नाही, त्यामुळे 'क्लोज'चा प्रश्न मिटला.

ग्रामसभा नेहमीप्रमाणे कोरमअभावी, म्हणजे पुरेशी माणसं नाहीत म्हणून, तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही आणि यादी तिथंच गुपचूप पास होते. म्हणून बायकांना घेऊन त्याच सभेला गेले. भाऊजी उठून म्हणाले, "वहिनी, आराखडा तालुक्याला ठरतो, तुम्ही घरी चला." ठराव मोठ्यानं वाचायला लावला, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घेतला, मगच उठले. नळ आला.

तुम्हाला करायचंच असेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपल्या गावाचा आराखडा उघडा आणि कुठलं काम बंधित, कुठलं अबंधित ते बघा. तोंडी मागणीला काडीची किंमत नाही, लेखी द्या. तहकूब सभेला तर हमखास जा. आणि घरातली बाई सदस्य असेल तर तिची फाइल तिलाच उचलू द्या. पन्नास टक्के आरक्षण दिरांसाठी दिलेलं नाही.

हां, ठराव झाला म्हणजे पैसे आले असं नाही, हप्ते रखडतात. निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचा निधीच थांबतो. पेसा गावांचं, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या गावांचं, गणित वेगळं, तिथं आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो. शहरात ग्रामसभा नसते, त्यामुळे तिथल्यांना ही वाट लागू नाही.

भाऊजी अजून सांगतात की नळ त्यांनी इंजिनिअरला केलेल्या फोनमुळे आला. केला असेल फोन. प्रोसिडिंग बुकात सूचक म्हणून कुणाचं नाव आहे ते त्यांनी एकदा जाऊन बघावं, पंचायत सकाळी उघडी असते.