‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ का?

नाशिकच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलाने निबंधात ‘आय हॅड गॉन टू गंगाघाट यस्टर्डे’ असं लिहिलं आणि बाईंनी ‘हॅड गॉन’ खोडून ‘वेंट’ केलं. ‘काल गंगेवर गेलो होतो’ हे मराठी अगदी शुद्ध, मग त्याचं इंग्रजी चूक कसं?

बाईंचं बरोबर आहे. पण मुलगाही उगाच चुकलेला नाही. त्याने मराठीचा पूर्ण भूतकाळ इमानाने इंग्रजीत नेला. रूप दोन्हीकडे सारखं दिसतं, काम मात्र वेगळं. ‘मामा काल आला’ म्हटलं तर मामा अजून घरात असू शकतो. ‘मामा काल आला होता’ म्हटलं की तो येऊन गेला. आपलं ‘होता’ बरेचदा एवढंच सांगतं, की ती गोष्ट आता मागे पडली. गंगेवर गेलो होतो, म्हणजे जाऊन परत आलो.

इंग्रजीतल्या ‘हॅड’ला या परत येण्याशी देणंघेणं नाही. त्याला भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी हे घडून गेलेलं असतं. तो नसेल तर वाचणारा अडतो: कशाच्या आधी? ‘यस्टर्डे’ हे त्याचं उत्तर नव्हे. ‘व्हेन यू फोन्ड, आय हॅड गॉन टू गंगाघाट’ असं असतं, तर बाईंनी पेन उचललं नसतं.

तो क्षण त्याच वाक्यात हवा असंही नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. या क्रमाने सांगाल तर ‘वेंट’ आणि ‘रिलीज्ड’ पुरेत, कारण आधी काय नि नंतर काय हे क्रमच सांगतो. पण गोष्ट १९१३ पासून सुरू केली आणि मग मागे गेलात, तर ‘ही हॅड गॉन टू लंडन द यिअर बिफोर’ असंच म्हणावं लागेल.

मोठ्यांचंही हेच होतं. सातपूर-अंबडच्या ऑफिसांत ‘मी सोमवारी फाइल पाठवली होती’ हे मनात येतं आणि मेलमध्ये ‘आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे’ उतरतं. तिथे ‘आय सेंट’ हवं. ‘तुला सांगितलं होतं ना!’ हेसुद्धा इंग्रजीत नुसतं ‘आय टोल्ड यू!’

‘व्हेन’ असलं की मात्र जपा. ‘व्हेन वी रीच्ड नाशिक रोड, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे आम्ही पोचलो आणि गाडी सुटली. ‘हॅड लेफ्ट’ म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच ती गेली होती. ‘बिफोर’ असेल तर क्रम त्या शब्दातच येतो. म्हणून डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण दगावल्याचं जे वाक्य शाळेत सगळ्यांनी घोकलंय, त्यात ‘हॅड डाइड’ चालतं तसं साधं ‘डाइड’ही चालतं. तेवढ्यासाठी मुलांचे गुण कापू नयेत.