सिनेमा-मालिकांचा ‘अभ्यास’ म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की एम.ए.ला ‘संस्कृती अभ्यास’ हा पेपर घ्यावा का, आणि घरचे म्हणतात तसा हा ‘मालिका बघण्याचा विषय’ आहे का. मी हा विषय शिकलो, आता काही वर्षं शिकवतोय. माझं उत्तर सरळ आहे: घ्या.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे संस्कृती म्हटलं की सणवार, संस्कार, शास्त्रीय गाणं डोळ्यांसमोर येतं. म्हणजे जे जपायचं ते. या विषयात अर्थ वेगळा आहे. वेल्समधल्या एका रेल्वे सिग्नलमनचा मुलगा, रेमंड विल्यम्स, यानं १९५८ साली मांडलं की संस्कृती ही साधी, रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. लीड्सच्या कामगार वस्तीत आजीजवळ वाढलेल्या रिचर्ड हॉगर्टनं त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या वस्तीतले लोक काय वाचतात, काय गातात, कसं बोलतात यावर पुस्तक लिहिलं होतं. याच हॉगर्टनं १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात एक छोटं केंद्र काढलं आणि जमैकाहून शिकायला आलेल्या स्टुअर्ट हॉलला बोलावून घेतलं. पुढे हॉलच त्या केंद्राचा प्रमुख झाला. ही माणसं कुठून आली ते मी मुद्दाम सांगतोय. ज्यांच्या घरच्या गाण्याबजावण्याला विद्यापीठात कुणी संस्कृती म्हटलं नसतं, त्यांनी हा विषय उभा केला.

त्याआधी अडोर्नो आणि हॉर्कहायमर या जर्मन विचारवंतांनी म्हटलं होतं की सिनेमा, रेडिओ हा कारखान्यासारखा एकसाची माल आहे आणि तो माणसाला गप्प बसवतो. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यात बरंच तथ्य आहे. पण तो माल घरी आल्यावर माणसं त्याचं काय करतात, हा प्रश्न उरतोच. हॉलनं १९७३ मध्ये तोच हातात घेतला. कार्यक्रम करणारा त्यात एक अर्थ भरतो. बघणारा तो जसाच्या तसा घेतो, घासाघीस करून घेतो किंवा उलटाच लावतो.

हे नुसतं म्हणून भागत नाही, तपासावं लागतं. डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश अभ्यासकानं ते केलं. ‘नेशनवाइड’ हा बीबीसीचा संध्याकाळचा कार्यक्रम त्यानं एकूण २९ गटांना दाखवला आणि त्यांच्या गप्पा टिपून घेतल्या. एक भाग १९७७ च्या अर्थसंकल्पावरचा होता. बँक मॅनेजरांना त्यातल्या आर्थिक मांडणीत खटकण्यासारखं काही दिसलंच नाही. त्यांची कुरकुर कार्यक्रमाच्या उथळ ढंगाबद्दल होती. कामगार संघटनेचे कार्यकर्ते मात्र त्या मांडणीशीच भांडले. आणि काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वाटलं, यात आपल्या जगण्यातलं काहीच नाही. कार्यक्रम तोच होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरचा दिवाणखाना आठवला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळी मेथी निवडत ती आणि शेजारच्या काकू मालिका बघायच्या. एका भागात सून ऑफिसातून उशिरा येते, सासूनं ताट झाकून ठेवलेलं असतं, सून रडते, मागे सनई. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आई मेथीतून मान वर न करता म्हणाली, “ताट झाकून ठेवलंय ना? मग रडतेय कशाला? आम्हाला कोण ठेवत होतं!” लिहिणाऱ्यानं तो प्रसंग सुनेच्या अपराधी भावनेसाठी लिहिला होता. आईनं त्यात स्वतःची नोकरीची सगळी वर्षं वाचली.

मराठीत काम करायचं तर शर्मिला रेगे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात त्या शिकवायच्या; २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. लावणी म्हणजे शृंगाराचा ठेवा, नाहीतर लावणी म्हणजे अश्लील, या दोन टोकांत आपण अडकून पडलो होतो. रेगेंनी विचारलं, नाचणारी बाई कोणत्या जातीची आहे? तिच्या श्रमावर हक्क कोणाचा? पेशवाईतल्या लावणीनं तिची जी प्रतिमा घडवली तिचा फायदा कोणाला झाला? आणि त्याच मातीत सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला, भटशाहीवर गावोगाव बोलले. कलाप्रकार शोषणाचा आहे की विद्रोहाचा, हे तो कोणाच्या हातात आहे, कोणासमोर सादर होतोय यावर ठरतं. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे.

अडचणीही सांगतो. या विषयातलं काही लेखन नको इतकं बोजड आहे. आणि ‘लोकांना आवडतं म्हणजे त्यात बंड असणारच’ असं मानणारेही भेटतील. त्यांच्यापासून जपून राहा.

प्रवेश घेण्याआधी एक करून बघा. घरात जी मालिका चालते तिचा एक भाग आजीबरोबर बघा, तोच भाग एखाद्या मैत्रिणीबरोबर पुन्हा बघा. कोण कुठे हसलं, कुठे चिडलं, जाहिरात लागल्यावर काय बोललं ते वहीत लिहा. मालिकेवर स्वतःचं मत लिहू नका, फक्त ऐकलेलं लिहा. चार पानं भरली आणि पाचवं लिहावंसं वाटलं, तर अर्ज भरून टाका.