मेडिकलच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाची प्रेरणा नेमकी कुठून मिळते?

तुम्ही लिहिलंय की रुग्णसेवेच्या ओढीने मेडिकलला आलात, पण पहिल्याच वर्षी पुस्तक उघडणं नको वाटतं. मग बाकीचे कशाच्या जोरावर वाचतात? मी डॉक्टर आहे, वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवतो. जे रोज पाहतो ते सांगतो.

पहिल्या वर्षी बहुतेकांना सेवाबिवा काही खुर्चीत बसवत नाही, परीक्षा बसवते. ‘सर, हे परीक्षेला येतं का?’ हा प्रश्न चांगली हुशार मुलंही विचारतात. विचारणारच! समोर २०६ हाडं आहेत, क्रेनियल नर्व्हच्या, म्हणजे थेट मेंदूशी जोडलेल्या नसांच्या, १२ जोड्या आहेत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं शिकायचं तो माणूस अजून भेटलेलाच नाही. परीक्षेची धास्ती कामाची असते, मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त पेपर झाला की तीही ओसरते आणि पाठ केलेलंही.

१९७१ मध्ये एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना मध्येच त्याचे पैसे देऊ केले. पैसे थांबल्यावर त्याच मुलांचा मोकळ्या वेळेतला कोड्यांचा नाद कमी झाला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की आतून ओढ वाटायला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपली म्हणावीत अशी माणसं सोबत असणं. आता पहिलं वर्ष आठवा. वेळापत्रक दुसऱ्याने आखलेलं, शाळेत पहिले येणारे इथे काठावर पास, आणि वर्गात सगळेच अनोळखी. इच्छा मेली तर नवल नाही. तो तुमचा आळस आहे असं मला वाटत नाही.

चित्र पालटतं ते कुणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत असतं तेव्हा. माझ्या एका विद्यार्थ्याने फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस, कधीतरी घोकून पास केली होती आणि विसरलाही होता. वॉर्डात एका बाजूने चेहरा वाकडा झालेले एक गृहस्थ त्याच्याकडे आले. त्यांनी त्यालाच विचारलं, ‘डॉक्टर, हा मेंदूचा झटका आहे का हो?’ पोरगा गडबडला. मग म्हणाला, ‘भुवया वर करून दाखवा.’ कपाळाच्या एकाच अर्ध्या भागावर आठ्या पडल्या, दुसरा अर्धा सपाट. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात, म्हणून झटक्यात आठ्या बहुधा शाबूत राहतात. इथे त्या पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे बिघाड खुद्द नर्व्हमध्ये असण्याची शक्यता जास्त. त्या रात्री त्याने त्या नर्व्हचा अख्खा मार्ग वाचून काढला. सकाळी राउंडच्या आधीच त्यांना विचारत होता, ‘त्या कानाला आवाज मोठा वाटतो का? जिभेच्या पुढच्या भागाला चव लागते का?’ हे त्याला कुणीही वाचायला सांगितलं नव्हतं.

म्हणूनच कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून रुग्णाची समस्या आधी आणि थिअरी मागून अशी पद्धत चालवली. तीही जादू नव्हे. शिकवणारा कंटाळलेला असेल तर ही पद्धतही आणखी एक रटाळ तासच ठरते. आणि राउंडवर चारचौघांत पाणउतारा करणारा सीनियर तर शिकण्याची हौस चांगलीच मारतो. शिस्तीच्या नावाखाली ते खपवू नये.

तुमच्यापुरतं म्हणाल तर प्रेरणा येईल मग वाचू, असं ठरवू नका. बऱ्याचदा थोडं समजल्यावरच गोडी लागते. वाचून झालं की पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आत्मविश्वास जास्त होता, पण आठवड्यानंतर आठवलं ते स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना. सीनियरला गाठून, चालत असेल तर, एखाद्या दुपारी वॉर्डात त्याच्या मागे उभे राहा.

आणि नावड फक्त अभ्यासाची नसेल, झोप, भूक, मित्र सगळंच नकोसं झालं असेल, तर हा प्रेरणेचा प्रश्न राहत नाही. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला भेटा.