चांदीच्या नॅनोकणांचा आकार टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) 20 आणि डीएलएसमध्ये (विखुरलेल्या लेसरवरून मोजल्यावर) 160 नॅनोमीटर येतोय. खरा कोणता?

तुम्ही लिहिलंय की लिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून नांदेडला कण तयार केले, नमुना डीएलएससाठी छत्रपती संभाजीनगरला पाठवला, आणि आता गाईड म्हणतायत, 'नंबर डिस्ट्रिब्युशनचा, म्हणजे कोणत्या आकाराचे किती कण याचा, आलेख टाका, तो टीईएमशी जुळतो.' मी वाळूजला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये हेच डीएलएसचं मशीन चालवतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. टीईएममध्ये दिसतो तो वाळलेल्या कणाचा धातूचा गाभा. डीएलएस कण बघतच नाही, तो पाण्यात किती चपळ हलतो ते बघतं. कणांवरून विखुरलेल्या लेसरची तीव्रता सारखी कमीजास्त होते, कारण कण ब्राउनियन गतीने हलत असतात. लहान कण असले की चढउतार जलद, मोठे असले की संथ. त्यावरून स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्राने व्यास निघतो, आणि काढ्यातलं जे काही कणाला चिकटलंय तेही त्या व्यासात धरलं जातं.

पण नुसत्या वेष्टणाने 20 चे 160 होत नाहीत. खरी गोम वेगळीच आहे. इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश ढोबळमानाने व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे 200 नॅनोमीटरचा एक गठ्ठा 20 च्या दहा लाख कणांएवढा प्रकाश टाकतो. वरातीत डीजे लागला की सनईवाल्याचं जे होतं, तेच तुमच्या 20 च्या कणांचं झालंय. गठ्ठे मोजके असले तरी झेड-ॲव्हरेज, म्हणजे मशीन देतं तो सरासरी व्यास, तेच ओढून नेतात.

म्हणून आधी पीडीआय बघा, म्हणजे कणांच्या आकारात किती फरक आहे तो आकडा. 0.1 च्या खाली असेल तर कण एकसारखे आहेत, 0.7 च्या वर गेला असेल तर तो सरासरी आकडा विसरा. मग कोरिलेशनचा वक्र मागून घ्या, म्हणजे प्रकाशाच्या चढउतारांतलं साम्य वेळेनुसार कसं कमी होतं तो आलेख. बऱ्याच ठिकाणी एका पानाचा रिपोर्ट हातात देतात, पण मूळ फाईल मागितली की मिळते. वक्र गुळगुळीत उतरून तळाला सपाट झाला तर ठीक. शेपटीला उंचवटे दिसले तर धूळ किंवा खाली बसणारे गठ्ठे समजा.

आणि नमुना गेला कसा? मे महिन्यात एसटीने, पिशवीत घालून, तर गठ्ठे वाटेतही झाले असतील. नांदेडहून निघताना आणि तिथे पोचल्यावर यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो तो आलेख) घ्या. 400-420 नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर बसकं होऊन लांब तरंगलांबीकडे पसरलं, पिवळसर तपकिरी रंगात करडी झाक आली, तर दोष मशीनचा नाही.

पातळ करायचं पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. नमुना गाळू नका, गठ्ठ्यांसोबत चांगले कणही जातात. क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी) वरच्या कडेला धरा. तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. पाण्याची स्निग्धता अंशाला साधारण दोन टक्क्यांनी बदलते, आणि सूत्रात ती थेट बसलेली आहे. बाहेर बेचाळीस, आत पंचवीस, आणि नमुना आणला की लगेच 'स्टार्ट' दाबला, तर येणाऱ्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

गाईडचा मान ठेवून सांगतो, नुसता नंबर डिस्ट्रिब्युशन टाकू नका. तो मोजलेला नसतो, प्रकाशाच्या तीव्रतेवरून गणिताने काढलेला असतो, आणि मूळ मापनातली छोटी चूक त्यात प्रचंड वाढते. प्रबंधात तीव्रतेचा आलेख, झेड-ॲव्हरेज, पीडीआय, तापमान आणि धरलेली स्निग्धता लिहा, शेजारी टीईएम द्या आणि फरक का आला ते दोन ओळींत मांडा.

तुम्ही मैत्रिणीच्या अँटासिड सस्पेन्शनचंही (पातळ औषधाचं) विचारलंय, त्याला मात्र हे मशीन नकोच. त्यातले मायक्रॉनमधले कण मापन चालू असतानाच खाली बसतात. तिला लेसर डिफ्रॅक्शन करायला सांगा, त्यात कणांवरून लेसर कोणत्या कोनात किती विखुरतो त्यावरून आकार काढतात. तिथे डी10, डी50, डी90 मिळतील, म्हणजे आकारमानाने 10, 50 आणि 90 टक्के कण ज्या आकाराच्या खाली येतात ते आकडे. फक्त कणाचा अपवर्तनांक आधी शोधून ठेवायला सांगा, बारीक कण असले की त्या गणितातल्या 'मी' (Mie) नावाच्या सिद्धांताला तो लागतोच.