घरखर्च कमी करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

गरम पाण्यापासून करा. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की 1 युनिट वीज जाते. तेवढ्याच विजेवर 10 वॅटचा एलईडी दिवा 100 तास चालतो. म्हणून दिवे बंद करत फिरण्याआधी गिझरचं बटण बघा. सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकल्या तर तापलेलं पाणी निवून वाया जात नाही.

स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा आणि उकळी आली की आच मंद करा. उकळतं पाणी 100 अंशांच्या आसपासच राहतं, त्यामुळे मोठ्या आचेने वाफ वाढते, अन्न लवकर शिजत नाही. मला हे फार उशिरा कळलं.

बाकी, खरेदीला यादी घेऊनच जा. महागडी वस्तू आवडली तर आठवडाभर थांबा, मगच ठरवा.