टकटक आवाज येत असेल तर डिस्क परत लावू नका
फोटो असलेली हार्ड डिस्क बिघडली असेल, तर चालते का म्हणून सारखी लावून बघणं आधी थांबवा. विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' विचारेल, तिथे नाही म्हणा. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं साधनही नको, ते त्याच डिस्कवर लिहितं.

टकटक किंवा खरखर येत असेल तर घरी काहीच करू नका. आतला हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) फिरत्या तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतो. तो घासला की फोटो असलेला थरच खरवडला जातो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका, आत दव धरतं. क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

आवाज नसेल तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब भागाकडे नंतर वळतं. मग त्या प्रतीवर फोटो शोधून काढणारा फोटोरेक हा प्रोग्राम चालवा, फुकट आहे. फाइलींची नावं जातात, पण कॅमेऱ्याने फोटोत नोंदवलेली तारीख बहुधा टिकते. बारशाचे, लग्नाचे फोटो त्यावरून वेगळे काढता येतात.